वीतभर तार

गेल्या वर्षी दिवाळी संपून आठवडा झाला असेल. मोठ्या तलावावरून येणाऱ्या वाऱ्यात नुकता गारवा उतरू लागला होता आणि दुपारचे ऊन ओसरीत बसण्याइतके सौम्य झाले होते. इंग्लंडात लेस्टर येथे स्थायिक झालेला माझा भाचा सहा वर्षांनी आमच्याकडे आला होता. जेवणे आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि सहज म्हणाला, “मामा, तुमच्या त्या लाकडी पेटीत नायक्रोमची तार मिळेल का? फार नको, वीतभर पुरे.”

ज्याने छत्तीस वर्षे विजेच्या कारखान्यात घालवली, त्याच्यापाशी तार मागणे म्हणजे सोनाराकडे चिमूटभर टाकणखार मागण्यासारखेच आहे. मी १९६८ साली येथील हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागलो. १९७४ मध्ये ती संस्था भेलमध्ये विलीन झाली आणि २००४ मध्ये मी सेवानिवृत्त झालो. त्या काळापासून जमवलेली माझी एक पेटी आहे. तीत फ्यूजची तार, अभ्रकाचे तुकडे, चिनी मातीचे खटके आणि जुन्या शेगड्यांची वेटोळी असा संसार आहे. तार होतीच. परंतु वीतभर तारेची शेगडी होत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून मी विचारले, “कशासाठी रे?”

तो क्षणभर घुटमळला. मग त्याने खिशातून अंगठ्याएवढ्या जाडीची एक पितळी नळी काढून माझ्या हातावर ठेवली. “ही माझी सिगारेट,” तो म्हणाला.

समोर माझा नातू बसला होता. तो अकरावीत आहे. त्याचे पुस्तक उघडे होते, पण नजर त्या नळीवर खिळली होती. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत आमच्या घरी जे घडले, ते वाचकांपुढे ठेवावे असे मला वाटते. कारण ही नळी आता पुष्कळ घरांच्या उंबऱ्यापर्यंत आली आहे आणि ती आहे तरी काय, हे वडीलधाऱ्यांपैकी फारच थोड्यांस माहीत आहे.

नळीचे अंतरंग

तंबाखू न जाळता झुरके घ्यावेत, ही कल्पना तशी जुनी आहे. हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६३ साली अशा उपकरणाच्या पेटंटासाठी अर्ज केला होता. पण ते बाजारात रुजले नाही. आज जे उपकरण आपण पाहतो, ते होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास सिद्ध केले. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले आणि तो स्वतःही धूम्रपान करीत असे.

रचना अगदी साधी आहे. खाली विजेचा घट, वर तारेचे इवलेसे वेटोळे, वेटोळ्यात कापसाची वात आणि वातीत भिनलेला द्रव. हा द्रव म्हणजे ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, काही सुगंध आणि बहुधा निकोटीन. बटण दाबले की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ओढणारा ती श्वासात घेतो. येथे राख नाही, ठिणगी नाही आणि लाकूड-पान जळल्याचे डांबरही नाही.

या उपकरणांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद हाच या लेखाचा गाभा आहे. पहिल्या प्रकारात घट आणि वेटोळे यांच्यामध्ये एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. ते वेटोळ्याचा रोध मोजते, रोध फार कमी भरला तर प्रवाह सोडतच नाही, बटण फार वेळ दाबले गेले तर तोडते आणि घट उतरला की थांबते. दुसरा प्रकार ‘मेकॅनिकल’ म्हणून ओळखला जातो. त्यात असे काहीच नसते. नळी, घट, बटण आणि वेटोळे; बटण दाबले की घटाची सारी शक्ती थेट तारेवर येते. भाच्याच्या हातातील नळी या दुसऱ्या प्रकारातील होती. त्याचा नेहमीचा संच बिघडला होता आणि निघण्याच्या आधी एका मित्राने ही नळी त्याला भेट दिली होती. इतकी वर्षे तो तयार वेटोळी विकत घेऊन बसवीत असे. स्वतःच्या हाताने वेटोळे करण्याची त्याची ही पहिलीच वेळ. वयाने तो चौतिशीचा असला, तरी या विद्येत तो नवशिकाच होता.

शेगडीचे गणित

मी नातवाला वही घेऊन जवळ बोलावले. तारेची गोष्ट निघाली की माझ्यातला जुना शिक्षानवीस जागा होतो, हा माझा स्वभावदोष आहे.

नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू. १९०६ साली ॲल्बर्ट मार्श याने त्याचे पेटंट घेतले आणि त्यामुळे विजेची इस्त्री, शेगडी, टोस्टर ही सारी उपकरणे शक्य झाली. तांब्याच्या मानाने त्याचा रोध साठपटीहून अधिक असतो. तो तापून लाल झाला, तरी पृष्ठभागावर क्रोमियमच्या भस्माचा पातळ थर बसतो आणि आतील धातू हवेत जळून जात नाही. पुढे १९३१ पासून स्वीडनमध्ये लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा कॅन्थल हा मिश्रधातू निघू लागला. भाचा म्हणाला की, त्याच्या मित्रमंडळींत या दोन्ही तारा वापरतात.

“आता हिशेब मांड,” मी नातवाला म्हटले. “आपल्या घरातील शेगडी १००० वॅटची. घरातील दाब २३० व्होल्ट. प्रवाह किती?”

“चार पूर्णांक पस्तीस ॲम्पियर.” पोरगा हुशार आहे.

“आणि रोध?”

“साधारण त्रेपन्न ओहम.”

अर्धा मिलिमीटर जाडीच्या नायक्रोम तारेचा रोध मीटरला सुमारे साडेपाच ओहम पडतो. म्हणजे शेगडीला साडेनऊ मीटरच्या आसपास तार हवी. आता भाच्याची नळी घ्या. तीत लिथियम-आयन जातीचा एक घट असतो. त्याला १८६५० म्हणतात, कारण तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्ट. तीन मिलिमीटरच्या खिळ्याभोवती भाचा सहा वेढे घेणार होता. एका वेढ्यास अकरा मिलिमीटर तार धरली, तर सहा वेढ्यांस साडेसहा सेंटिमीटर. रोध सुमारे ०.३७ ओहम.

“चार पूर्णांक दोन भागिले शून्य पूर्णांक सदतीस,” नातू पुटपुटला आणि त्याने डोळे विस्फारले. “अकरा ॲम्पियर! आजोबा, ही तर शेगडीच्या अडीचपट झाली!”

होय. दाब थोडा असला म्हणजे धोका थोडा, असा आपला सर्वांचा समज असतो. अंगाला बसणाऱ्या धक्क्यापुरता तो खरा आहे. परंतु तापणे हे प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, ही गोष्ट जेम्स जूल याने १८४१ मध्येच दाखवून दिली आहे. दाब थोडा आणि रोध त्याहूनही थोडा, अशी गाठ पडली की बोटाएवढ्या घटातून शेगडीला लाजवणारा प्रवाह वाहू लागतो.

दोन वेटोळ्यांची चूक

मी भाच्याला विचारले, “पण साडेसहा सेंटिमीटरच हवी, तर वीतभर कशाला मागतोस?”

“दोन वेटोळी बसवणार आहे ना, मामा. टोकांनाही थोडी तार सुटायला हवी. वाफ जास्त येते. शिवाय दोन वेटोळी म्हणजे रोधही दुप्पट. घटावर ताण कमी.”

हे ऐकून माझ्या पोटात धस्स झाले. दोन वेटोळी एकापुढे एक जोडली, तर त्यांच्या रोधांची बेरीज होते. परंतु या नळीच्या माथ्यावर ती शेजारी-शेजारी, समांतर जोडली जातात आणि समांतर जोडणीत रोध निम्मा होतो. ०.३७ चे ०.७४ होत नाहीत, ०.१८५ होतात. आता प्रवाह काढा: साडेबावीस ॲम्पियरांहून अधिक! त्याच्या घटाच्या आवरणावर सलग प्रवाहाची मर्यादा २० ॲम्पियर छापलेली होती. आपल्या घरात गिझर किंवा शेगडी लावण्याच्या जागी १५ ॲम्पियरचा फ्यूज असतो. त्या जागी एवढा प्रवाह गेला तर फ्यूज वितळून वीज बंद पडते. नळीत मात्र फ्यूज नाही. तेथे जे वितळायचे ते घटातच वितळणार.

लिथियम-आयन घट हा काही ऐरागैरा शोध नव्हे. १९९१ मध्ये तो बाजारात आला आणि आज प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनी त्याच्याच जोरावर चालतो. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना त्याबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच्या पोटातील द्रव ज्वालाग्राही असतो. मर्यादेबाहेर प्रवाह खेचला की घट तापतो, तापल्याने आतील रासायनिक क्रिया आणखी वेगाने होते, त्या क्रियेने तो आणखी तापतो आणि एका टप्प्यानंतर हे चक्र बाहेरून कोणासही थांबवता येत नाही. घट उघडा असेल तर त्यातून ज्वाला व वायू बाहेर पडतात. तो बंद धातूच्या नळीत असेल आणि वायूला वाट नसेल, तर त्या नळीची बंदूक होते. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्ससमध्ये अशा उपकरणाच्या स्फोटाने एकेक तरुण प्राणास मुकला. ही नळी तोंडाशी धरायची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे अधिक सांगावे लागत नाही.

भाच्याचा चेहरा उतरला. त्याने बी.कॉम. केले आहे, शाळेतला ओहमचा नियम त्याला आठवत होता, पण समांतर जोडणी विस्मरणात गेली होती. हिशेबातील एवढीशी चूक, पण ती दाखवून देणारे त्या नळीत काहीच नव्हते.

नातवाचा प्रश्न

मला वाटले, प्रकरण येथे संपले. परंतु त्या रात्री नातू माझ्या खोलीत आला. दार लोटून घेत त्याने विचारले, “आजोबा, समजा, एखाद्याला नव्यानेच घ्यायचे असेल, तर त्याने कोणते घ्यावे?”

प्रश्न ‘एखाद्या’चा नव्हता, हे मला उमगले. तथापि मी रागावलो नाही. कारखान्यातील एक धडा मला आयुष्यभर पुरला आहे: चूक सांगायला आलेल्या मुलाला दटावले, की पुढची चूक तो लपवतो. मी त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि ते येथेही देतो.

नवशिक्याने मेकॅनिकल नळी घेऊच नये. जो प्रौढ माणूस सिगारेट सोडू पाहतो आहे आणि जेथे कायद्याने मुभा आहे अशा देशात राहतो, त्याने घ्यायचेच तर संरक्षक मंडल असलेले, नामांकित कारखान्यातून आलेले आणि तयार वेटोळ्यावर चालणारे उपकरण घ्यावे. मेकॅनिकल नळी हाताळण्यास किती गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, त्या ऐक. प्रत्येक वेटोळे बसवल्यावर त्याचा रोध मापकाने मोजता आला पाहिजे, अंदाजाने नव्हे. घट जितका प्रवाह सोसतो, त्याच्या बराच आत हिशेब ठेवता आला पाहिजे आणि आवरणावर छापलेला आकडा खरा आहे की फुगवलेला, हेही ओळखता आले पाहिजे. घटाचे वरचे टोक सोडून त्याची सारी पत्र्याची काया ऋण टोकाचीच असते. म्हणून त्याचे प्लॅस्टिकचे आवरण नखाएवढे फाटले, तरी तो घट टाकून द्यावा लागतो. सुटा घट किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकला, तर तेथेच टोके जुळून आग लागते. काही नळ्यांत माथ्याची मधली खीळ थेट घटावर टेकते. ती खीळ पुरेशी बाहेर आलेली नसेल, तर बटण दाबताच घटाची दोन्ही टोके एक होतात. बटण अडकून बसले, तर तोडणारे कोणी नाही. घट फार उतरला, तर थांबवणारे कोणी नाही. वात कोरडी पडली आणि तार तापत राहिली, तर ग्लिसरीन जळून फॉर्माल्डिहाइड व ॲक्रोलीन यांसारखे विषारी वायू तयार होतात. शिवाय तारेतील निकेल-क्रोमियमचे सूक्ष्म अंश वाफेत उतरतात, हेही तपासण्यांत आढळले आहे. माझ्या पेटीतील जुन्या शेगडीची तार तर मुळीच चालणार नाही. ती कशाची बनली आहे आणि तिच्यावर काय काय साचले आहे, ते मलाही सांगता येणार नाही.

“आणि ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही,” मी शेवटी म्हटले, “त्याने यांपैकी एकही घेऊ नये. त्याला सोडण्यासारखे काहीच नाही. त्याला फक्त लागण्यासारखे आहे.”

बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “वर्गातल्या एकाकडे आहे. आंब्याच्या चवीची. मी दोनदा ओढून पाहिली. तो म्हणाला, पैसे दिलेस तर तुलाही आणून देतो.”

खोलीतील घड्याळाची टिकटिक मला तेव्हा फार मोठ्याने ऐकू येऊ लागली. दुपारी मी मोठ्या हौसेने तारेचे गणित समजावून देत होतो. मुलाच्या कुतूहलाला मीच फुंकर घातली की काय, या शंकेने त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या आंब्याच्या चवीच्या वस्तूत काय असते, हे घेणाऱ्यास कळत नाही. विकणाऱ्यासही कळत नाही. निकोटीन क्षाराच्या स्वरूपात घातले, की घशाला खवखव न होता मोठी मात्रा पोटात जाते आणि सतरा वर्षांच्या मेंदूला त्याची सवय लागण्यास फार दिवस लागत नाहीत. चोरट्या मार्गाने आलेल्या द्रवाचे दुष्परिणाम अमेरिकेने २०१९ मध्ये पाहिले. तेथे गांजाच्या अर्काच्या द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळले गेले होते. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत फुप्फुसांच्या विकाराने अडीच हजारांहून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले.

कायदा आणि भाच्याची बाजू

दुसऱ्या दिवशी मी भाच्याशी निवांत बोललो. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेचा अधिनियम झाला. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांस बंदी आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. नुसत्या साठवणुकीसही सहा महिने किंवा पन्नास हजार. विमानतळावर कोणी विचारले नाही, म्हणून ती वस्तू कायदेशीर ठरत नाही.

भाच्यानेही आपली बाजू मांडली आणि ती अगदीच पोकळ नव्हती. “मामा, मी दिवसाला वीस सिगारेटी ओढत होतो. चार वर्षांत एकही ओढलेली नाही, ती याच्याच जोरावर. आमच्याकडे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले की, याची दीर्घकालीन हानी धूम्रपानाच्या पाच टक्क्यांहून जास्त असण्याचा संभव नाही. आणि तुमच्याकडे बिडी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, मग बंदी यालाच का?”

याला माझ्यापाशी सडेतोड उत्तर नाही. २०१६-१७ च्या पाहणीत आपल्या देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. आपले भोपाळ तर ‘जर्दा, पर्दा आणि गर्दा’ यांसाठीच ओळखले जाई आणि पान-सुपारी ठेवण्याचा भोपाळी बटवा आजही कलाकुसरीची वस्तू म्हणून मिरवतो. मध्यप्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती इतर राज्यांच्या आधी. पण मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा दोन पुड्या घेऊन लोक तोंडातच गुटखा बनवू लागले. बंदीने सारे होते, असे मी म्हणत नाही. परंतु इंग्लंडातही अठरा वर्षांखालील मुलांना ही वस्तू विकण्यास २०१५ पासून मनाई आहे, निकोटीनच्या मात्रेवर मर्यादा आहे आणि वापरून फेकून देण्याच्या उपकरणांवर १ जून २०२५ पासून तेथेही बंदी आली. म्हणजे ज्यांनी दार उघडले, त्यांनाही उंबऱ्यावर पहारा ठेवावा लागला. जेथे पहाऱ्याची व्यवस्था नाही, तेथे दार बंद ठेवणाऱ्यांस केवळ अडाणी म्हणून चालणार नाही. प्रौढ धूम्रपान्यास जे काठीप्रमाणे उपयोगी पडते, तेच धडधाकट मुलाच्या हाती दिले तर तो लंगडायला शिकतो.

अक्काचा श्वास

वाद असा अर्धवटच राहिला असता. तो मिटवला माझ्या थोरल्या बहिणीने, आणि तेही तिच्या नकळत.

अक्का आता शहाऐंशी वर्षांची आहे आणि आमच्याजवळच राहते. १९८४ च्या डिसेंबरात तिचे बिऱ्हाड शाहजहानाबादेत होते. मी बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन आणि तीन तारखांच्या मधल्या त्या रात्री मिरच्या जळाव्यात तसा वास घरात शिरला आणि ती दोन मुलांना घेऊन धावत सुटली. तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते की, जो धावतो तो अधिक श्वास घेतो आणि जो अधिक श्वास घेतो त्याच्या पोटात तो वायू अधिक जातो. मुले वाचली, अक्काही वाचली. पण तिच्या फुप्फुसांत ती रात्र कायमची राहिली. आजही ती भोपाळ मेमोरियल रुग्णालयात नियमाने जाते आणि दोन पायऱ्या चढल्या की थांबते.

त्या संध्याकाळी भाचा अंगणाच्या कोपऱ्यात उभा राहून जुन्याच वेटोळ्यावर शेवटचे दोन झुरके घेत होता. ओसरीच्या दिव्याखालून पांढऱ्या वाफेचा लोट हळूच घरात आला. अक्का देवापुढे वाती करीत बसली होती. तिने मान वर केली. दिव्याभोवतीचे ते धुके पाहून तिच्या हातातला कापूस गळून पडला. ती मोठ्याने ओरडली नाही, अगदी हलक्या आवाजात तिने मला विचारले, “काही सुटलंय का रे?”

भाचा दारातच होता. त्याने ते ऐकले. तो आत आला, अक्काच्या पायांशी बसला आणि म्हणाला, “काही नाही, अक्कामावशी. मीच होतो.” तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिचा श्वास लागलेला होता आणि तो ठिकाणावर यायला बराच वेळ गेला. नातू तिच्या पाठीवरून हात फिरवीत उभा होता. त्या वेळी आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही.

त्याच रात्री भाच्याने नळीतून घट काढून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्याला औषधाच्या दुकानात घेऊन गेलो. निकोटीनचे च्युइंगगम आपल्याकडे मिळते आणि तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा शासनाचा विनामूल्य दूरध्वनीही आहे. राहिलेले दिवस त्याने त्या गमवर काढले. सोपे गेले नाही. चिडचिड झाली, जेवणावरून तो एकदा उठून गेला. मी त्याला दोष दिला नाही. सवय सोडणे हे काही गणित नव्हे.

फ्यूजची शिकवण

नातवाचे काय करावे, हा प्रश्न उरला होता. नुसत्या उपदेशाने वेटोळ्याचे आकर्षण जात नाही, हे मला ठाऊक होते. मी पेटी उघडली आणि तिच्यातील एक मोडकी शेगडी त्याच्यापुढे ठेवली. “वेटोळे करायचेच आहे ना? हे कर. साडेनऊ मीटर तार, त्रेपन्न ओहम. मोजून, हिशेब लिहून.”

चार दिवस तो त्यात गढून गेला. पेन्सिलीभोवती तार गुंडाळली, वेढे सारखे ताणले, चिनी मातीच्या खोबणीत बसवले. मापकाने रोध मोजला, तो एकावन्न ओहम भरला. शेगडी लावण्याच्या दिवशी सारे घर जमले. त्याने बटण दाबले आणि फट् असा आवाज होऊन वीज गेली. एका वळणाशी तारेचे टोक खालच्या पत्र्याला टेकलेले होते.

पोरगा शरमिंदा झाला. मी त्याला घेऊन मीटरच्या खोलीत गेलो आणि चिनी मातीचा किटकॅट उपसून दाखवला. आतली बारीक तार वितळून तिचे दोन मणी झाले होते. “हे बघ,” मी म्हटले. “तू चुकलास आणि ही तार गेली. घर जागच्या जागी आहे, तूही आहेस. ज्याने हा फ्यूज योजला, त्याला ठाऊक होते की माणूस चुकणार. काकांच्या नळीत असा फ्यूज नव्हता. ज्याने ती केली, त्याने धरून चालले की वापरणारा कधीच चुकणार नाही.”

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी शिकलो ते एवढेच. रिले असो, फ्यूज असो वा घरातील पंख्याचा खटका असो, चांगले यंत्र माणसाच्या चुकीसाठी आधीच जागा करून ठेवते. जे यंत्र तशी जागा ठेवीत नाही, ते कितीही देखणे असले, तरी नवशिक्याच्या हाती देऊ नये. आणि जी वस्तू श्वासाबरोबर आत जाते, तिच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. घरात मुलांना फ्यूज कोण? आपणच. मूल काही विचारायला आले आणि आपण ऐकून घेतले, तर फक्त बारीकशी तार वितळते. ऐकले नाही, तर आग कोठवर जाईल ते सांगता येत नाही.

नातवाने टोक सोडवले, फ्यूजला नवी तार घातली आणि दुसऱ्या खेपेस शेगडी लालबुंद झाली. पहिले दूध त्याने अक्काआजीसाठी तापवले. वर्गातील त्या मुलाला काय सांगितलेस, असे मी त्याला विचारले नाही. पण पुढच्या रविवारी तो त्याच मित्राला घेऊन आला आणि दोघे माझ्या पेटीशी बसून एक जुनी इस्त्री खोलू लागले.

भाचा परत गेला. निघताना त्याने ती पितळी नळी माझ्या हाती दिली. तिचे बटण आणि माथा मी काढून टाकले आहेत. राहिलेल्या नळीत आता माझ्या पेन्सिली असतात. नायक्रोमची ती वीतभर तार मात्र मी त्याला दिली नाही. ती अजून पेटीत आहे.